बेसबॉलच्या प्लेऑफची शर्यत कशी वाचायची: नवख्या प्रेक्षकासाठी

आयपीएलची गुणतालिका वाचता येणाऱ्याला मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे एमएलबीचा, तक्ता सोपा वाटतो, आणि तिथेच तो फसतो. गुण नाहीत, नेट रन रेट नाही, अनिर्णित सामना नाही. नुसते विजय आणि पराभव. तरीही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘आपला संघ आत की बाहेर?’ असं विचारलं तर तीन जण तीन उत्तरं देतात, आणि तिघेही एकाच तक्त्याकडे बघत असतात.

न्यू जर्सीत नव्याने राहायला गेलेले असा किंवा पुण्यात बसून पहाटे सामने बघणारे, खालच्या पायऱ्या क्रमाने गेलात तर जर-तरचं गणित स्वतःचं स्वतः मांडता येईल. एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. इथले नियम २०२२ पासूनचे आहेत. त्याआधीचा एखादा लेख हाती लागला तर त्यात वाइल्ड कार्डचा (गट न जिंकता मिळणाऱ्या प्रवेशाचा) एकच सामना आणि १६२ सामन्यांनंतर बरोबरी फोडणारा १६३ वा सामना भेटेल. आता ते दोन्ही नाहीत.

हाताशी काय हवं

- एमएलबीचं अधिकृत अ‍ॅप किंवा संकेतस्थळ. त्यातला ‘स्टँडिंग्ज’चा भाग. डिव्हिजनचा आणि वाइल्ड कार्डचा, असे दोन्ही तक्ते.
- दोन संघांचे आपसातले निकाल बघायला बेसबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ.
- प्लेऑफच्या शक्यतेची टक्केवारी बघायला फॅनग्राफ्स हे संकेतस्थळ.
- आपल्या संघाचं आणि त्याच्या दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांचं उरलेलं वेळापत्रक.
- कागद आणि पेन्सिल. बेरीज-वजाबाकीपलीकडचं काही लागत नाही.

१. आधी मांडणी डोक्यात बसवा

संघ ३०. अमेरिकन लीगमध्ये १५, नॅशनल लीगमध्ये १५. प्रत्येक लीगच्या तीन डिव्हिजन: ईस्ट, सेंट्रल, वेस्ट. प्रत्येकीत पाच संघ. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो.

प्लेऑफमध्ये प्रत्येक लीगचे सहा संघ जातात. तीन डिव्हिजनविजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वांत चांगली कामगिरी असलेले तीन, म्हणजे वाइल्ड कार्डवाले. तिन्ही डिव्हिजनविजेत्यांना १, २, ३ हे क्रमांक मिळतात आणि वाइल्ड कार्डवाल्यांना ४, ५, ६. डिव्हिजनविजेत्याचे विजय कमी असले तरी तो वरच राहतो. २०२५ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचे ९४ विजय होते, पण डिव्हिजन हातची गेल्यामुळे ते चौथे. सिएटल मरिनर्सचे ९०, पण डिव्हिजन जिंकलेली, म्हणून दुसरे. पहिल्या दोघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. त्याला ‘बाय’ म्हणतात. तेव्हा एका लीगमध्ये प्रत्यक्षात तीन शर्यती चालू असतात: डिव्हिजनची, बायची आणि शेवटच्या वाइल्ड कार्डची. कुठला संघ कुठल्या शर्यतीत आहे हे आधी ठरवा, मग आकडे बघा.

२. विजय नको, पराभव बघा

तक्त्यात ‘डब्ल्यू’ म्हणजे विजय, ‘एल’ म्हणजे पराभव आणि ‘जीबी’ म्हणजे गेम्स बिहाइंड, पहिल्यापेक्षा किती सामने मागे. जीबी काढायची रीत अशी: विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करा आणि दोनने भागा.

समजा एक संघ ९०-६२ आणि दुसरा ८७-६४ आहे. विजयांचा फरक ३, पराभवांचा २, बेरीज ५, निम्मे २.५. दुसरा संघ अडीच सामने मागे. हा अर्धा सामना कुठून आला? पहिल्याचे १५२ सामने झालेत, दुसऱ्याचे १५१. पावसाने वाहून गेलेले आणि पुढे ढकललेले सामने, सुटीचे वेगवेगळे दिवस, यामुळे सगळ्यांचे सामने कधीच सारखे नसतात.

म्हणूनच मुरलेला प्रेक्षक जीबीकडे फार वेळ बघत नाही. तो पराभवांचा रकाना बघतो. राहिलेला सामना जिंकून विजय वाढवता येतो. झालेला पराभव मात्र कशानेही पुसता येत नाही. वरच्या उदाहरणात खरं अंतर दोन पराभवांचं आहे.

एप्रिल-मे मध्ये हा तक्ता रोज उघडू नका. १६२ सामन्यांत दहा-पंधरा सामन्यांची लाट कुणालाही येते. २०२५ मध्ये १२ जूनला न्यूयॉर्क मेट्स ४५-२४ होते, सगळ्या ३० संघांत अव्वल. सप्टेंबरअखेर ते ८३-७९ होऊन घरी बसले.

३. मॅजिक नंबर स्वतः काढा

पुढे असलेल्या संघाचे विजय आणि मागच्याचे पराभव मिळून आणखी किती झाले की विषय संपला, तो हा आकडा. सूत्र एकच:

१६३ − (पुढच्याचे विजय) − (मागच्याचे पराभव)

वरच्या उदाहरणात १६३ − ९० − ६४ = ९. पुढचा संघ जिंकला की एक कमी, मागचा हरला की एक कमी, एकाच दिवशी दोन्ही झालं की दोन कमी. १६२ ऐवजी १६३ का, तर मागच्याने उरलेले सगळे जिंकले तरी त्याच्यापेक्षा एक विजय जास्त हवा.

इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली: टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सोडवण्याचा नियम, विसरणं. बरोबरी झाली तर पुढचाच संघ वर राहणार हे आधी नक्की झालं असेल, तर बरोबरीही त्याला पुरते. म्हणजे १६३ च्या जागी १६२. नऊचा आकडा आठ होतो.

दुसरी: फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी हिशेब करणं. तिसऱ्याचे पराभव दुसऱ्याइतकेच किंवा कमी असू शकतात. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी वेगळा आकडा काढा आणि त्यातला सर्वांत मोठा धरा.

तिसरी: डिव्हिजनचा मॅजिक नंबर आणि प्लेऑफ प्रवेशाचा मॅजिक नंबर एकच समजणं. प्रवेशासाठी तुलना करायची ती वाइल्ड कार्डच्या तक्त्यात चौथा असलेल्याशी, म्हणजे प्रवेशाच्या रेषेबाहेरच्या पहिल्या संघाशी.

४. वाइल्ड कार्डचा तक्ता वेगळा वाचायचा

या तक्त्यात डिव्हिजनचे आघाडीवीर धरलेले नसतात, आणि अंतर पहिल्यापासून नव्हे तर तिसऱ्या जागेपासून मोजतात. आत असलेल्यांपुढे अधिक चिन्ह दिसतं. ‘+३’ म्हणजे रेषेच्या तीन सामने पुढे. बाहेरच्यांपुढे नुसता आकडा.

मुख्य अडचण गर्दीची असते. तिसऱ्या जागेपासून तीन सामने मागे आणि मध्ये कुणी नाही, तर आशा धरायला हरकत नाही. तेवढंच अंतर, पण मध्ये चार संघ, तर रोज रात्री चौघेही हरायला हवेत. त्यातले दोघे एकमेकांविरुद्ध खेळत असतील तर एक जण जिंकणारच.

५. टायब्रेकर: अर्ध्या शर्यती इथेच ठरतात

२०२२ पासून बरोबरी मैदानात नाही, कागदावर सुटते. क्रम असा: आधी दोघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल. तोही बरोबरीत असेल तर आपापल्या डिव्हिजनमधली कामगिरी. मग आपल्याच लीगमधल्या इतर डिव्हिजनविरुद्धची कामगिरी. त्यानंतर लीगमधल्या सामन्यांच्या उत्तरार्धातली कामगिरी. धावांचा फरक यात कुठेही नाही. क्रिकेटमधून आलेला माणूस ‘मोठ्या फरकाने जिंका’ म्हणत बसतो. इथे १२-० आणि १-० सारखेच.

व्यवहारात पहिली पायरीच बहुतेक वेळा पुरते. एकाच डिव्हिजनमधले दोन संघ हंगामात आपसात १३ सामने खेळतात. आकडा विषम. म्हणजे ज्याने सात जिंकले त्याच्या खिशात टायब्रेकर, आणि हे कधीकधी ऑगस्टमध्येच ठरून गेलेलं असतं. वेगळ्या डिव्हिजनमधल्या संघांत सहा किंवा सात सामने होतात. सहा असतील तर ३-३ होऊन दुसऱ्या पायरीवर जावं लागू शकतं. म्हणून जुलैपासूनच एका कागदावर आपल्या संघाचा प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी आपसातला हिशेब लिहून ठेवा.

याची किंमत किती असते ते २०२५ मध्ये बघा. टोरंटो ब्लू जेज आणि यांकीज दोघेही ९४-६८. आपसात टोरंटो ८-५ ने पुढे. टोरंटोला डिव्हिजन, पहिला क्रमांक आणि बाय. यांकीजना एक जादा मालिका. नॅशनल लीगमध्ये सिनसिनाटी रेड्स आणि मेट्स दोघेही ८३-७९. आपसात रेड्स ४-२. शेवटच्या रविवारी रेड्स मिलवॉकीकडून हरले आणि तरीही आत गेले, कारण मेट्सही मायामीकडून ०-४ ने हरले. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज आणि डेट्रॉइट टायगर्स दोघेही ८७-७५. टायब्रेकर डेट्रॉइटचा, म्हणून ह्यूस्टन बाहेर. एका हंगामात तीन बरोबऱ्या, आणि चेंडू एकदाही टाकावा लागला नाही.

१६३ वा सामना गेला हे मला पटलेलं नाही. सहा महिने खेळून बरोबरीत आलेल्यांना एक संध्याकाळ मिळायला हवी होती. पण नियम आहे तो आहे, आणि त्यामुळे मे महिन्यातल्या एखाद्या सामान्य मंगळवारच्या सामन्याला दुप्पट किंमत येते.

तिघांची बरोबरी झाली तर गोंधळ वाढतो. २०२४ मध्ये मेट्स, अटलांटा ब्रेव्ज आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स तिघेही ८९-७३ वर संपले, जागा दोन. हरिकेन हेलीनमुळे मेट्स-ब्रेव्जचे दोन सामने लांबले आणि हंगाम संपल्यावर, सोमवारी ३० सप्टेंबरला, एकाच दिवशी खेळवले गेले. आपसातल्या सामन्यांत अ‍ॅरिझोना दोघांच्याही मागे होतं. त्यामुळे दोघांनी एकेक जिंकला तर दोघेही आत आणि अ‍ॅरिझोना बाहेर. पहिला मेट्सने ८-७ असा घेतला, दुसरा ब्रेव्जने ३-०. अ‍ॅरिझोनाचे खेळाडू घरी बसून टीव्ही बघत होते. यातून घ्यायची गोष्ट ही की शेवटच्या रविवारी तक्ता थांबला असं धरू नका. रद्द झालेला सामना बाकी आहे का ते बघा. निकालावर परिणाम होणार नसेल तर असा सामना खेळवतही नाहीत, आणि मग एखाद्या संघाचे १६१ च राहतात.

६. खरा दावेदार ओळखा

विजयांचा आकडा कधीकधी खोटं बोलतो. त्याला विचारायचे चार प्रश्न आहेत.

*धावांचा फरक किती?* केलेल्या धावांचा वर्ग भागिले (केलेल्यांचा वर्ग + दिलेल्यांचा वर्ग), गुणिले १६२. बिल जेम्स यांच्या या सूत्रातून ‘एवढ्या धावांवर साधारण किती विजय व्हायला हवेत’ हे निघतं. २०२३ चे टेक्सास रेंजर्स घ्या. धावा ८८१, दिल्या ७१६. सूत्र सांगतं सुमारे ९८ विजय, प्रत्यक्षात ९०. म्हणजे संघ तक्त्यात दिसतो त्यापेक्षा दणकट. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनाने ७४६ केल्या, ७६१ दिल्या. सूत्राप्रमाणे ७९, प्रत्यक्षात ८४. दोघेही वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचले आणि रेंजर्सने ती ४-१ ने जिंकली. दर वेळी सूत्र एवढं सरळ उत्तर देत नाही. अ‍ॅरिझोना तिथपर्यंत आलंच होतं ना.

*उरलेले सामने कुणाशी?* ‘सोपं वेळापत्रक’ या शब्दांवर फार जाऊ नका. बेसबॉलमध्ये तळाचा संघही दर तीन-चार सामन्यांत एक तरी काढतो. महत्त्वाचे ते प्रतिस्पर्ध्याशी थेट उरलेले सामने, कारण तिथे एका निकालात अंतर पूर्ण एका सामन्याने बदलतं. २०२५ मध्ये जुलैत डेट्रॉइट क्लीव्हलँड गार्डियन्सच्या १५.५ सामने पुढे होतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोघांचे सहा थेट सामने होते. क्लीव्हलँडने पाच जिंकले आणि डिव्हिजन एका सामन्याने नेली.

*पिचर कुठल्या दिवशी मोकळे?* सुरुवातीचा पिचर, म्हणजे सामना सुरू करणारा चेंडूफेक्या, साधारण पाचव्या दिवशी पुन्हा उतरतो. प्रवेशासाठी शेवटच्या रविवारी हुकमी पिचर वापरला, तर मंगळवारी पहिल्या मालिकेला तो नसतो. शेवटच्या आठवड्यात संघाचे जाहीर झालेले पिचर बघा आणि बोटांवर दिवस मोजा.

*जुलैअखेर काय केलं?* ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची मुदत, ३१ जुलैच्या आसपास असते. कुणी खेळाडू घेतले, कुणी विकले, यावरून संघाला स्वतःबद्दल काय वाटतं ते कळतं. ३१ ऑगस्टपर्यंत संघाच्या संस्थेत नसलेला खेळाडू प्लेऑफ खेळू शकत नाही, तेव्हा सप्टेंबरमधल्या खरेदीच्या बातम्या सोडून द्या. अर्थात संघाचा स्वतःबद्दलचा अंदाजही चुकतो. २०२४ मध्ये डेट्रॉइटने जॅक फ्लॅहर्टी हा पिचर लॉस एंजेलिस डॉजर्सना देऊन टाकला, ऑगस्टमध्ये त्यांची प्लेऑफची शक्यता एक टक्क्याच्याही खाली होती, आणि मग ५५-६३ वरून ८६-७६ पर्यंत मजल मारून ते आत गेले. फ्लॅहर्टी तोवर डॉजर्ससाठी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना टाकायच्या वाटेवर होता. टक्केवारीत ‘एक’ दिसला म्हणून ‘शून्य’ वाचू नका.

७. ऑक्टोबरचा नकाशा

वाइल्ड कार्ड मालिका तीन सामन्यांची, सगळे सामने वरच्या क्रमांकाच्या घरी. ३ विरुद्ध ६, ४ विरुद्ध ५. चौथा-पाचव्यातला विजेता पहिल्याशी भिडतो, तिसरा-सहाव्यातला दुसऱ्याशी. मध्ये क्रमवारी पुन्हा लावत नाहीत. मग डिव्हिजन सिरीज पाच सामन्यांची, लीग चॅम्पियनशिप सिरीज सातांची, वर्ल्ड सिरीज सातांची. वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा फायदा जास्त विजय असलेल्याला.

हंगामात जादा डावात (नेहमीच्या नऊ डावांनंतर) दुसऱ्या बेसवर आयता धावक उभा करतात, प्लेऑफमध्ये नाही. त्यामुळे सामना लांबला की लांबतच जातो. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ डाव चालला.

‘बाय मिळाला की संघ गंजतो’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येईल. २०२२ मध्ये १११ विजयांचे डॉजर्स आणि २०२३ मध्ये १०४ विजयांचे ब्रेव्ज पहिल्याच मालिकेत गेले, तेव्हापासून ते चिकटलंय. मोजून बघा: २०२२ ते २०२५ मध्ये बाय मिळालेल्या १६ संघांपैकी नऊ जणांनी ती मालिका जिंकली. गंज वगैरे काही नाही. पाच सामन्यांत काहीही होतं एवढंच. बायचा खरा फायदा पिचरच्या विश्रांतीचा. २०२५ मध्ये डेट्रॉइटने टॅरिक स्कुबल वाइल्ड कार्डच्या पहिल्या सामन्यात खर्ची घातला, म्हणून सिएटलविरुद्ध तो दुसऱ्या आणि पाचव्या सामन्यातच मिळाला. पाचव्यात त्याने सहा डावांत १३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. तो बाहेर गेल्यावर सामना एकूण १५ डावांपर्यंत लांबला आणि डेट्रॉइट २-३ ने हरलं.

८. घड्याळ आणि ब्लॅकआउट

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. वर्ल्ड सिरीज साधारण साडेपाचला. तारीख एक दिवस पुढची असते हे विसरून लोक शुक्रवारचा सामना शुक्रवारी पहाटे शोधत बसतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एमएलबी टीव्हीचे पैसे भरण्याआधी आपला पिन कोड टाकून ब्लॅकआउट तपासावा. स्थानिक संघाचे सामने त्यात थेट दिसत नाहीत, आणि बहुतेकांना नेमका तोच संघ बघायचा असतो.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी सगळे सामने पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमाराला एकदम सुरू होतात, म्हणजे भारतात रात्री साडेबाराला. त्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: आपला संघ जिंकला तर काय, हरला तर कुणी हरायला हवं, आणि बरोबरी झाली तर टायब्रेकर कुणाचा. मग आपला सामना मोठ्या पडद्यावर आणि दुसऱ्या ओळीतला सामना फोनवर लावा.